होम थिएटरचा आवाज बिघडलाय? केबल बदलण्याआधी टेस्ट टोन लावा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: घर बदललं, ५.१ चा संच (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर) नव्या खोलीत पुन्हा जोडला, आणि तेव्हापासून मागचे दोन स्पीकर गप्प आहेत. चित्रपटातले संवाद पुटपुटल्यासारखे येतात, पण मारामारी सुरू झाली की कानठळ्या बसतात. बास पातळ झालाय, सबवूफरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतो, आणि भरीस भर म्हणून ओठ नि शब्द जुळत नाहीत. टीव्ही रिसीव्हरला, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज देणाऱ्या पेटीला, एचडीएमआयनं जोडलेला आहे. रिसीव्हर गेला का, नवा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता काहीही विकत घेऊ नका. चालता संच हलवून पुन्हा जोडल्यावर एकदम पाच दुखणी निघाली असतील, तर रिसीव्हर जळाल्याची शक्यता सगळ्यात कमी. रिसीव्हर जातो तेव्हा तो बहुधा सुरूच होत नाही, किंवा एखादा चॅनल, म्हणजे एका स्पीकरला जाणारा आवाज, कायमचा बंद पडतो. संवाद बारीक, बास पातळ आणि ओठ मागेपुढे हे सगळं तो एकट्यानं करत नाही. तुमच्याकडे पाच वेगवेगळी छोटी कारणं आहेत आणि ती एकेक करून सुटी करायची आहेत. त्यासाठी एक शिस्त पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला, मग ऐका, मग पुढे जा. दोन वायरी आणि तीन सेटिंग्ज एका झटक्यात बदलली की दोष गेला तरी कशानं गेला ते कळत नाही, आणि तो परत आला की पहिल्यापासून सगळं.

सुरुवात टेस्ट टोननं. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर सेटअप किंवा लेव्हल नावाचा भाग असतो, तिथून हा टोन लागतो. जुन्या संचांत रिमोटवर त्याचं वेगळं बटण असतं. टोन लावला की रिसीव्हर स्वतः एक सपाट सूंऽऽ आवाज तयार करतो आणि पाळीपाळीनं एकेका स्पीकरला देतो: डावा, मधला, उजवा, मागचे दोन, सबवूफर. त्याचा मोठा उपयोग असा की हा आवाज टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, ॲप, एचडीएमआय केबल यांतल्या कशातूनही येत नाही, तो रिसीव्हरच्या पोटातच जन्मतो. त्यामुळे तुमच्या संचाचे सरळ दोन भाग पडतात. टोन सगळीकडून नीट आला, तर ॲम्प्लिफायर, वायरी आणि स्पीकर ठीक आहेत. दोष अलीकडे, म्हणजे टीव्ही, प्लेअर किंवा सेटिंगमध्ये. टोन एखाद्या स्पीकरमधून आलाच नाही, तर दोष पलीकडे, म्हणजे रिसीव्हर, वायर किंवा स्पीकरमध्ये. दहा मिनिटांच्या या तपासणीनं अर्धा संच संशयातून मोकळा होतो, आणि तरीही बहुतेक जण ती सोडून थेट नवी केबल आणतात.

टोन ऐकताना नेहमीच्या जागी बसा आणि पडद्यावर कोणत्या स्पीकरचं नाव आलंय ते बघत ऐका. नाव डाव्या मागच्याचं आणि आवाज उजव्या मागच्यातून, म्हणजे वायरींची अदलाबदल झाली. घर बदलताना हे फार सहज होतं. आणखी एक शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. टोन मागच्या स्पीकरवर थांबतच नाही, त्यांना ओलांडून सरळ सबवूफरवर जातो. याचा अर्थ स्पीकर बिघडलाय असा नाही. रिसीव्हरच्या लेखी तो स्पीकर अस्तित्वातच नाही. जोडणीनंतर तुम्ही रिसीव्हरला माइक लावून स्पीकरांची स्वयंचलित मोजणी केली असेल आणि त्या वेळी मागच्या वायरी सैल असतील, तर रिसीव्हरनं मागचे स्पीकर ‘नाही’ असं नोंदवून ठेवलेलं असतं. मग वायरी घट्ट केल्या तरी तो तिकडे आवाज पाठवत नाही, मागचा आवाज पुढच्या स्पीकरांत मिसळून टाकतो. मेनूत जाऊन ‘नाही’चं ‘लहान’ करा, नाहीतर मोजणी पुन्हा करा.

समजा टोन मागून स्वच्छ येतोय, पण चित्रपटात मागचे गप्पच. तुमच्या बाबतीत मला हीच शक्यता सर्वांत दाट वाटते. आता रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर काय लिहून येतं ते पाहा. तिथे पीसीएम (आधीच उलगडलेला डिजिटल आवाज) किंवा स्टिरिओ दिसत असेल, तर रिसीव्हरला मुळात दोनच चॅनल पोहोचताहेत आणि त्यानं मागच्यांना द्यावं असं काही त्याच्याकडे नाही. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट नावाचा पर्याय असतो. तो पीसीएमवर असला की टीव्ही ५.१ चा आवाज स्वतः उलगडतो, त्याचा दोन चॅनलचा काला करतो आणि पुढे पाठवतो. तिथे बिटस्ट्रीम, ऑटो किंवा पास-थ्रू निवडा, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे जाईल. पट्टीवर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस (५.१ चा आवाज दाबून भरण्याचे दोन प्रकार) आलं की मागचे स्पीकर त्याच क्षणी बोलू लागतात.

त्यानंतरही पीसीएमच दिसत असेल तर वायर कुठे लावली आहे ते बघा. टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाज उलटा आणणाऱ्या सोयीला एआरसी म्हणतात. ती २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली आणि टीव्हीच्या सगळ्या सॉकेटांवर नसते. बहुधा एकाच सॉकेटवर एआरसी किंवा ईएआरसी (तिचं नवं रूप) असं छापलेलं असतं. वायर त्याच सॉकेटातून निघून रिसीव्हरच्या आउट लिहिलेल्या सॉकेटात गेली पाहिजे, इनमध्ये नाही. साध्या एआरसीला सीईसी नावाचं, एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना चालवण्याचं नियंत्रण दोन्ही यंत्रांवर सुरू लागतं. कंपन्यांनी त्याला आपापली नावं दिली आहेत, कुठे सिम्पलिंक, कुठे ब्राव्हिया सिंक, कुठे एनीनेट प्लस. मेनूत ते शोधून सुरू करा. सगळं जागेवर असूनही दोन्ही यंत्रं एकमेकांना ओळखत नसतील, तर दोघांचे प्लग भिंतीतून काढा, चार-पाच मिनिटं थांबा, मग आधी टीव्ही आणि नंतर रिसीव्हर सुरू करा. रिमोटनं बंद केलेलं यंत्र खरं तर झोपलेलं असतं, त्याची जुनी ओळख पुसली जात नाही, म्हणून प्लग काढायला सांगतोय.

प्रत्येक वायरीची वाहून नेण्याची मर्यादाही ध्यानात ठेवा. ऑप्टिकल केबलमधून एकतर दोन चॅनलचा पीसीएम जातो, किंवा डॉल्बी डिजिटल आणि डीटीएसचा दाबलेला ५.१. ब्लू-रेवरचे ट्रू-एचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ तिच्यातून पूर्ण रूपात जातच नाहीत, साध्या एआरसीतूनही नाहीत. त्यांना ईएआरसी लागतं, जे एचडीएमआय २.१ बरोबर २०१७ मध्ये आलं. काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, आणि काही टीव्ही बाहेरच्या प्लेअरकडून आलेला ५.१ छाटून दोन चॅनलचा करतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: प्लेअर आणि सेट-टॉप बॉक्स थेट रिसीव्हरला जोडा आणि रिसीव्हरमधून फक्त चित्र टीव्हीकडे जाऊ द्या. एआरसी राहू दे ती टीव्हीतल्या ॲपपुरती. मधला एक दुभाषी कमी झाला की निम्मी भांडणं मिटतात.

एक खात्री आणखी करा. तुम्ही ज्यावर तपासताय त्या कार्यक्रमात ५.१ चा ध्वनिपट आहे ना? बातम्या, जुने चित्रपट आणि बरेचसे व्हिडिओ दोन चॅनलचेच असतात. ॲपमध्ये भाषा निवडताना एका भाषेचा ट्रॅक ५.१ आणि दुसऱ्या भाषेचा स्टिरिओ, असंही असतं. आणि खऱ्या ५.१ मध्येही मागचे स्पीकर सतत वाजत नाहीत. पाऊस, गर्दी, डोक्यावरून जाणारं विमान असं काही आलं की ते जागे होतात. दोन माणसं बंद खोलीत बोलत असतील तर ते गप्प असणंच बरोबर.

आता दुसरी बाजू: टोनच येत नाही. रिसीव्हर बंद करा, प्लग काढा, आणि गप्प असलेल्या स्पीकरची वायर रिसीव्हरच्या मागे पुढच्या डाव्या स्पीकरच्या टर्मिनलला लावा. सुरू करून गाणं लावा. तो स्पीकर वाजला, तर स्पीकर आणि वायर दोन्ही चांगले, दोष रिसीव्हरच्या मागच्या चॅनलमध्ये. नाही वाजला, तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये; दुसरी छोटी वायर लावून तेही वेगळं करता येतं. मल्टिमीटर असेल तर रिसीव्हरकडचं टोक सोडवून वायरीच्या दोन तारांत ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सातच्या आसपास दाखवतो, आणि ते ठीक आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे किंवा स्पीकरमधली तारेची गुंडाळी (कॉइल) गेली आहे. शून्याजवळ दाखवत असेल तर कुठेतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

ही चिकटण्याची गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. स्पीकरची वायर म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांचा पिळा. टर्मिनलमध्ये घालताना त्यातली एखादी तार बाहेर राहते आणि शेजारच्या टर्मिनलला टेकते. डोळ्यांना ती सहज दिसतही नाही, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की चमकते. तेवढ्या एका तारेनं रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी पट्टीवर ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद होतो, आणि लोक तो दुरुस्तीला नेतात. असं झालं तर सगळ्या स्पीकर वायरी काढून रिसीव्हर एकटा सुरू करा. सुरू राहिला तर तो ठीक आहे. वायरी एकेक करून परत लावा, ज्या वायरीला तो पुन्हा बंद पडेल ती गुन्हेगार. टोकं नव्यानं सोला, साधारण सेंटिमीटरभर, पिळा घट्ट करा, आणि प्लास्टिकचं आवरण टर्मिनलमध्ये चिमटलं जात नाहीये हे पाहा. एकटा रिसीव्हरही प्रोटेक्टमध्येच जात असेल, तर मात्र आत बिघाड आहे.

संवादांकडे येऊ. पुटपुटणाऱ्या संवादांची कारणं अनेक असतात, पण तुमच्या बाबतीत पहिलं कारण वर आलेलंच आहे. ५.१ मध्ये बहुतेक सगळा संवाद मधल्या स्पीकरवर असतो. टीव्ही दोन चॅनलचा काला पाठवत असेल तर संवाद पार्श्वसंगीताबरोबर त्याच दोन स्पीकरांत कोंबला जातो. फॉरमॅट नीट झाला की संवाद आपोआप सुटा होतो. तरीही बारीक असेल तर टेस्ट टोन लावून पाचही स्पीकर बसण्याच्या जागी सारखेच ऐकू येतात का ते मोजा. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप पुरतं. आकडा बरोबर असण्यापेक्षा पाचांचा आकडा सारखा येणं महत्त्वाचं. नंतर मधला स्पीकर २ ते ३ डेसिबल वाढवायला हरकत नाही. त्याहून जास्त वाढवला की सगळा चित्रपट मधोमध गोळा होतो आणि पुढच्या दोघांचा पसारा जातो.

मधला स्पीकर कुठे ठेवलाय हेही विचारायला हवं. टीव्हीच्या कपाटात खोल कप्प्यात ढकललेला, तोंड गुडघ्यांकडे, अशी त्याची अवस्था बऱ्याच घरांत असते. शब्द कळतात ते स, श, त, क, प अशा व्यंजनांमुळे, आणि त्यांचा बराचसा ऐवज वरच्या पट्टीत, लहान ट्वीटरमधून येतो. तो आवाज सरळ रेषेत जातो. तो कानांकडे नसेल तर स्वर ऐकू येतात आणि शब्द निसटतात. स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, पुढच्या बाजूला खाली रबराचा तुकडा देऊन तोंड कानांच्या उंचीकडे उचला. नवी खोली अजून रिकामी असेल, उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी, तर शब्दांमागे त्यांचाच घुमारा येतो. सतरंजी, पडदे, भरलेलं कपाट यांनी जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही सेटिंगनं पडत नाही.

कानठळ्यांचं कारण निराळं आहे. मोठ्या पडद्यासाठीचा ध्वनिपट अशा पातळीला धरून बांधलेला असतो की एकेका चॅनलचा कमाल आवाज १०५ डेसिबलपर्यंत आणि खास बासच्या चॅनलचा ११५ पर्यंत जाऊ शकतो. बोलणं त्याच्या पुष्कळ खाली असतं. घरी आपण एकूण आवाज कमी ठेवतो, मग बोलणं पंख्याच्या आवाजात बुडतं. ते ऐकू यावं म्हणून वाढवतो आणि पुढच्याच दृश्यात स्फोट होतो. यावर रिसीव्हरमध्ये नाइट मोड, डायनॅमिक रेंज किंवा डीआरसी नावाची सोय असते, ती मोठा आवाज दाबते आणि बारीक आवाज उचलते. डॉल्बीच्या ध्वनिपटात याची माहिती आधीच भरलेली असते, म्हणून टीव्हीकडून पीसीएम येत असताना हे बटण बहुधा काहीच करत नाही. रात्री बिनदिक्कत वापरा, त्यात कमीपणा नाही.

संवादाचा एक प्रकार मात्र वेगळा ओळखा: संगीत आहे, घुमारा आहे, पण माणसाचा आवाज जवळजवळ नाहीच, जणू कोणी तो कापून काढलाय. मधल्या स्पीकरची वायर निघालेली असली आणि मेनूत तो ‘आहे’ असला की असं होतं. ऑक्सच्या पिननं मोबाइल किंवा टीव्ही जोडला असेल तर पिन अर्धवट बसल्यानंही होतं. अर्धवट पिनचा ग्राउंडचा स्पर्श सुटतो, मग डाव्या आणि उजव्यामधला फरक तेवढा वाजतो, आणि दोन्हींत सारखं असलेलं, म्हणजे गायकाचा किंवा पात्राचा आवाज, नाहीसा होतो. पिन खट् होईपर्यंत दाबा.

पातळ बास. यात सबवूफरवर आळ घेण्याआधी पुढच्या दोन स्पीकरांची उलटसुलट तपासा. एकाची लाल-काळी वायर उलटी लागली असेल तर एकाचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. खोलीतली हवा एकीकडे ढकलली आणि दुसरीकडे ओढली जाते, आणि बास दोघांच्या मध्ये विरतो. खूण अशी की मधोमध बसलं की गायक समोर न दिसता दोन्ही बाजूंना पसरलेला वाटतो, आणि एका स्पीकरजवळ गेलं की बास परत येतो. वायरीवरची रेघ किंवा लाल कडा दोन्ही टोकांना एकाच रंगावर आहे का ते बघा. वायर भिंतीतून गेली असेल आणि खूण दिसत नसेल, तर रिसीव्हरकडची टोकं सोडवून १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. सेलची अधिक बाजू ज्या तारेला लावल्यावर मोठा कोन बाहेर उसळतो, ती तार लाल टर्मिनलची. स्वयंचलित मोजणीही कधी कधी स्पीकर उलटा आहे असं सांगते. भिंतीवरून परतलेल्या आवाजानं ती फसू शकते, म्हणून तिच्या सांगण्यावर वायर उलटी करू नका, आधी डोळ्यांनी तपासा.

मग सबवूफर. त्याच्या पाठीवर क्रॉसओव्हरचं, म्हणजे कोणत्या सुराखालचा आवाज सबवूफरनं घ्यायचा ते ठरवणारं, चाक असतं आणि रिसीव्हरच्या मेनूतही क्रॉसओव्हर असतो. दोन्ही एकदम कापू लागले की मधली एक पट्टी कुणाच्याच वाट्याला येत नाही. सबवूफरवरचं चाक कमालवर न्या किंवा एलएफई (बासच्या चॅनलचं, चाकाला वगळणारं) इनपुट वापरा, आणि कापण्याचं काम रिसीव्हरला द्या. ८० हर्ट्झ ही सुरुवातीला चांगली जागा. बाकीचे स्पीकर अगदी चिमुकले असतील तर १०० ते १२० हर्ट्झ. मेनूत सगळे स्पीकर ‘लहान’ ठेवा, ते दिसायला मोठे असले तरी. ‘मोठा’ म्हटलं की रिसीव्हर त्यांचा खालचा आवाज सबवूफरकडे पाठवणं थांबवतो. स्वयंचलित मोजणी पुढच्या स्पीकरांना सर्रास ‘मोठे’ ठरवते, तेवढं हातानं बदला. उलट सबवूफरचं अंतर तिनं टेपनं मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवलं तर ते सुधारू नका. सबवूफरच्या आतल्या प्रक्रियेला वेळ लागतो, आणि तो वेळ ती अंतर म्हणून धरते. १ मिलिसेकंद म्हणजे साधारण ३४ सेंटिमीटर.

एवढं करूनही बास बसण्याच्या जागीच नसेल, तर खोलीशी गाठ आहे. समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून उभे राहतात. ५ मीटर लांबीच्या खोलीत त्यातला सर्वांत खालचा सूर साधारण ३४ हर्ट्झचा, आणि तो भिंतींपाशी सर्वांत मोठा, खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा असतो. तुमचा सोफा मध्यावर आला असेल तर सबवूफर कितीही वाढवा, तिथे तो सूर येणार नाही. फक्त शेजारच्या खोलीत भिंती थरथरतील. सोफा थोडा मागे किंवा पुढे सरकवून बघा. ते जमत नसेल तर सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, बासचं एखादं सलग गाणं लावा आणि जमिनीलगत वाकून भिंतीकडेनं फिरा. जिथे बास सर्वांत भरीव आणि एकसारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. शेवटी सबवूफरच्या पाठीवरचं ० आणि १८० चं फेज बटण (कोनाची हालचाल उलटी करणारं) दोन्हीकडे करून ऐका. बसल्या जागी ज्यात बास जास्त, ते बरोबर.

घूंऽऽ आवाज मात्र आधी ओळखायचा आणि मग घालवायचा. खोलवरचा, एकसुरी घूं हा विजेच्या प्रवाहाचा सूर आहे, देशपरत्वे ५० किंवा ६० हर्ट्झ आणि त्याची पट. वरच्या पट्टीतली हिस्स वेगळी, ती ॲम्प्लिफायरची स्वतःची असते आणि कान स्पीकरला लावल्यावरच ऐकू येत असेल तर सोडून द्या. घूं असताना सबवूफरची सिग्नल केबल सबवूफरच्या बाजूनं काढा. तरी घूं चालूच राहिला, तर तो सबवूफरच्या आतला आहे, बहुधा वीजपुरवठ्यातले कपॅसिटर थकलेत. बंद झाला, तर केबल परत लावा आणि आता टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सला बाहेरून येणारी अँटेना किंवा केबलची वायर पूर्ण काढून बघा. ती काढताच घूं थांबला तर ग्राउंड लूप सापडला. बाहेरून आलेल्या वायरीची जमीन (अर्थिंग) आणि तुमच्या प्लगची जमीन यांत किंचित फरक असतो, आणि तो फरक ध्वनीच्या केबलच्या वेष्टणातून वाहतो.

उपाय सोपे आहेत. टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर यांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं. नाहीतर केबल टीव्हीच्या वायरीवर आयसोलेटर, म्हणजे जमिनीची जोडणी तोडणारा छोटा तुकडा, बसवा. डिशच्या वायरीवर साधा आयसोलेटर चालत नाही, कारण छतावरच्या एलएनबीला (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज त्याच वायरीतून जाते आणि ती तुटली की चित्रच जाईल. सबवूफरची लांब केबल विजेच्या वायरींना समांतर गेली असेल तर दूर करा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो: घूं जावा म्हणून प्लगची अर्थची पिन काढू नका, तिच्यावर टेप गुंडाळू नका. घूं जाईल, पण उद्या आत गळती झाली तर यंत्राचा धातूचा सांगाडा जिवंत होईल आणि त्याला कुणाचा तरी हात लागेल. ती पिन आवाजासाठी नसते, जिवासाठी असते.

ओठ आणि शब्द. टीव्ही चित्रावर काम करायला वेळ घेतो, आवाज तोवर पुढे निघून जातो. आवाज चित्राच्या आधी आलेला माणसाला लवकर खटकतो: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ शिफारशीप्रमाणे आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी फरक जाणवू लागतो, मागे पडलेला मात्र सुमारे १२५ पर्यंत जाणवत नाही. आवाज पुढे असेल तर रिसीव्हरच्या ऑडिओ डिले किंवा लिप सिंकमध्ये दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत जा. आवाज मागे असेल तर डिले शून्यावर आणा, टीव्हीच्या आवाजाचे सगळे इफेक्ट बंद करा. आवाज मागे खेचता येतो, पुढे ढकलता येत नाही. एकाच ॲपमध्ये गडबड असेल तर दोष त्या ॲपचा, रिसीव्हरला हात लावू नका.

हे सगळं करून उरेल ते खरोखरच दुरुस्तीचं. काही खुणा सांगून ठेवतो. आवाज कमी असताना एक बाजू बंद आणि वाढवला की खट्कन सुरू, तर रिसीव्हरमधल्या रिलेचे (विजेवर चालणाऱ्या आतल्या स्विचचे) संपर्क काळवंडलेत. हे स्वस्तातलं काम आहे, त्यासाठी नवा संच लागत नाही. आवाजाचं चाक फिरवताना खरखर, तर चाकात धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते. बासला फरफर आवाज, तर जाळी काढून कोनच्या कडेची फोमची पट्टी बघा. वर्षांनुवर्षांनी ती भुगा होते आणि फक्त पट्टी बदलता येते. कोन दोन्ही अंगठ्यांनी हलकेच सरळ आत दाबल्यावर घासल्यासारखं लागलं, तर कॉइल वाकली किंवा जळली आहे. रिसीव्हरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरांत वीज राहते.

दुरुस्तीला सगळा संच नेऊ नका. जो भाग अदलाबदलीत दोषी ठरला तेवढाच न्या, आणि “आवाज येत नाही” एवढंच न सांगता काय काय बदलून पाहिलं आणि कशानं काय झालं ते कागदावर लिहून द्या. नेण्याआधी मेनूतल्या स्पीकर सेटअपच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुरुस्तीत रिसीव्हर रीसेट झाला तर अंतरं, लेव्हल आणि क्रॉसओव्हर तुम्हाला पुन्हा भरावे लागतील.